फिरत्या वस्तुमानाची ओढ

न्यूटनच्या गुरुत्वनियमात परिवलनाला जागा नाही. गोल स्थिर असो की गरगर फिरत असो, वस्तुमान आणि आकार तेच असतील तर त्याचे आकर्षणही तेच. फिरण्यामुळे पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगते आणि गुरुत्व किंचित बदलते हे खरे, पण तो परिणाम आकाराचा. आइनस्टाइनच्या 1915च्या सिद्धांताने हे चित्र बदलले. विद्युतभार वाहू लागला की चुंबकत्व निर्माण होते, तसाच वस्तुमानाच्या प्रवाहाचाही वेगळा गुरुत्वपरिणाम असतो. फिरणारी वस्तू भोवतालच्या अवकाशकालाला आपल्याबरोबर ओढते, हे योझेफ लेन्स आणि हान्स थिरिंग यांनी 1918 मध्ये गणिताने दाखवले.

जबलपूरच्या तिलवारा घाटावर नर्मदेत सोडलेला दिवा भोवऱ्यात सापडला, तर त्याला पाणीच फिरवते. ही उपमा सोयीची असली तरी एका जागी लंगडी पडते. पाण्याचा एक थर दुसऱ्याला घर्षणाने ओढतो. अवकाशकालात घर्षण नाही, तिथली ओढ भूमितीतच असते.

पृथ्वीची ओढ अतिशय क्षीण. 2004 मध्ये सोडलेल्या ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ उपग्रहातील क्वार्ट्झच्या चार गोलकांचे अक्ष या ओढीने वर्षाला किती ढळतात, हे 2011 मध्ये जाहीर झाले: 37.2 मिलि-विकला. भाकीत 39.2 चे होते आणि मोजमापातली अनिश्चितता 7.2 ची. एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. मिलि-विकला त्याचाही हजारावा.

फिरत्या कृष्णविवराशी मात्र ही ओढ प्रचंड होते. रॉय केर यांनी 1963 मध्ये त्याची भूमिती मांडली. घटनाक्षितिजाबाहेर ‘एर्गोस्फिअर’ नावाचा प्रदेश असतो. तिथे स्थिर राहणे प्रकाशालाही जमत नाही, पण तिथून बाहेर पडता येते. 1969 मध्ये रॉजर पेनरोज यांनी यातून एक युक्ती काढली. तिथे शिरलेल्या कणाचे दोन तुकडे व्हावेत, एक ऋण ऊर्जेसह विवरात पडावा आणि दुसरा मूळ कणापेक्षा जास्त ऊर्जा घेऊन बाहेर यावा. लाटांच्या बाबतीतला असाच परिणाम नॉटिंगहॅमच्या प्रयोगशाळेत 2017 मध्ये पाण्याच्या भोवऱ्यावर दिसला: लाटा मोठ्या होऊन परतल्या.

युक्ती सुंदर, पण अव्यवहार्य ठरली. तुकड्यांचा परस्परवेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक लागतो, असे 1970च्या दशकात दाखवले गेले. मार्ग सापडला तो पुण्याशी जोडलेल्या संशोधकांना. संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी 1985 मध्ये विवराभोवतीचे चुंबकीय क्षेत्र हिशेबात धरले. विद्युतभारित तुकड्याला ऋण ऊर्जा त्या क्षेत्रातून मिळते, म्हणून वेगाची अट गळून पडते. पुढच्याच वर्षी पार्थसारथी यांच्यासह त्यांनी या प्रक्रियेची कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते असे दाखवले.

आकडा चमत्कारिक वाटतो, पण तुलना फक्त आत टाकलेल्या ऊर्जेशी आहे. वरचा सगळा वाटा विवराच्या परिवलनातून येतो आणि प्रत्येक वेळी ते थोडे मंदावते. सर्वाधिक वेगाने फिरणाऱ्या विवराच्या वस्तुमान-ऊर्जेपैकी अशा रीतीने फार तर 29 टक्के निघू शकते; त्यानंतर परिवलन उरत नाही आणि एर्गोस्फिअरही नाहीसे होते.