पोलादाच्या अखंड ओतकामातील तडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अखंड ओतकामात सुमारे १,५०० अंश सेल्सिअसचे वितळलेले पोलाद तांब्याच्या साच्यात वरून ओतत राहतात. साच्याच्या भिंती पाण्याने थंड ठेवलेल्या असतात. साच्यातून खाली उतरताना पोलादाभोवती एक-दोन सेंटिमीटर जाडीचे घन कवच धरलेले असते; आतला गाभा द्रवच असतो. पुढे रोलरांच्या आधाराने आणि पाण्याच्या फवाऱ्यांखाली तो गोठत जातो. या वाटेवर तडे कुठे आणि का पडतील, हे आधी कळावे म्हणून गणिती प्रतिमाने रचतात.

गैरसमज १: पाणी जितके जास्त, तितके कवच भक्कम.
वस्तुस्थिती: फवाऱ्यांचा पट्टा संपला की आतल्या उष्णतेने पृष्ठभाग पुन्हा तापतो आणि प्रसरण पावतो. त्याबरोबर गोठण-सीमेजवळचा, म्हणजे घन कवच आणि द्रव गाभा जिथे भेटतात तिथला, दुबळा थर ओढला जातो आणि आतल्या आत तडा पडतो. पाणी आधी फार मारले असेल, तर हे तापणेही तितकेच तीव्र होते. म्हणून थंड करण्याचा वेग टप्प्याटप्प्याने, सावकाश कमी करावा लागतो.

गैरसमज २: जिथे प्रतिबल सर्वाधिक, तिथेच तडा.
वस्तुस्थिती: गोठण-सीमेजवळ स्फटिकांच्या फांद्यांमध्ये द्रवाचा पातळ पापुद्रा उरतो. गंधक आणि फॉस्फरस त्यातच साचतात व तो आणखी कमी तापमानापर्यंत द्रव ठेवतात. तिथे प्रतिबल अगदी थोडे असते, पण किंचित ताणही सोसवत नाही. त्यामुळे तडा ठरवताना प्रतिबलापेक्षा त्या थरात साचलेली विकृती पाहावी लागते.

गैरसमज ३: स्थितिस्थापकतेचे नेहमीचे सूत्र पुरेसे आहे.
वस्तुस्थिती: जखडलेल्या पोलादाच्या तापमानात १०० अंशांचा फरक पडला, तर थंड पोलादाचे गुणांक वापरून (२,००,००० मेगापास्कल × ०.००००१२ × १००) उत्तर २४० मेगापास्कल येते. १,४०० अंशांचे पोलाद मात्र काही मोजक्या मेगापास्कललाच नमते आणि वेळेनुसार सरकत राहते. म्हणून प्रतिमानात तापमान व विकृतीचा वेग यांवर अवलंबून असणारी श्यान-आकार्य वर्तणूक धरावीच लागते.

गैरसमज ४: कार्बन कमी, म्हणजे तड्यांची भीती कमी.
वस्तुस्थिती: सुमारे ०.१ ते ०.१५ टक्के कार्बनाच्या पोलादात गोठतानाच लोहाच्या डेल्टा स्फटिकरूपाचे गॅमा रूपात स्थित्यंतर होते आणि आकुंचन एकदम वाढते. कवच साच्यापासून सुटते, असमान जाडीचे होते आणि त्यावर उभे तडे पडतात. त्याहून कमी किंवा जास्त कार्बन असलेल्या पोलादात हा त्रास कमी असतो.

गैरसमज ५: संगणकाने रंगीत नकाशा दाखवला, म्हणजे उत्तर बरोबर.
वस्तुस्थिती: वायनर आणि बोली या संशोधकांनी १९६३ मध्ये गोठणाऱ्या घनातील प्रतिबलाचे विश्लेषणात्मक उत्तर मांडले. त्यात पृष्ठभागावर दाब आणि आतल्या बाजूला ताण येतो. नवा संगणक-कार्यक्रम आधी या उत्तराशी ताडून पाहतात. मग साच्यातील तापयुग्मांची नोंद आणि कवचाची प्रत्यक्ष मोजलेली जाडी यांच्याशी. या दोन्ही कसोट्यांना न उतरलेल्या प्रतिमानावर विसंबून पाण्याचे प्रमाण किंवा ओतण्याचा वेग बदलू नये.