बॉम्बे गट आणि उद्धरणांचा हिशेब

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतसारख्या गावात गरोदर बाईच्या कार्डावर रक्तगट चढतो तो बहुधा काचपट्टीवरच्या तपासणीतून. बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचे तीन थेंब घ्यायचे. एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात बिनरंगी अँटी-डी. काडीने ढवळून पट्टी हलवायची. पहिल्या दोहोंत गुठळी धरली नाही आणि तिसऱ्यात धरली, की लिहायचं 'ओ पॉझिटिव्ह'. फार क्वचित, हजारो माणसांत एखाद्याच्या बाबतीत, हे लिहिलेलं चुकतं. ते कसं चुकतं हे जगाला सांगणारा लेख मुंबईतूनच गेला होता.

1952 साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह दोनेक पानांचा मजकूर छापला. मुंबईत दोन जखमी आले होते, एक रेल्वे अपघातातला आणि दुसरा भोसकलेला. दोघांनाही रक्त हवं होतं, पण एरवी कुणालाही चालणारं 'ओ' रक्तसुद्धा त्यांना जुळेना. कारण पुढे उलगडलं. 'ए' आणि 'बी' ही प्रतिजनं ज्या पायावर चढतात, तो 'एच' नावाचा पायाच त्यांच्या पेशींवर नव्हता. सर्वांत जास्त 'एच' असतं ते 'ओ' पेशींवर, आणि यांच्या रक्तद्रवात तर 'एच'विरुद्धची प्रतिपिंडं तयार. म्हणजे इतरांना जे सर्वांत निर्धोक, तेच यांना घातक. काचपट्टीवर 'ओ' दिसणारा हाच तो बॉम्बे गट.

आता या लेखाची किंमत कशी करायची? एखाद्या लेखाचा उल्लेख, म्हणजे उद्धरण, इतरांनी किती वेळा केलं हे मोजण्यासाठी युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू केला. 2005 मध्ये हर्श यांनी त्याच उद्धरणांवरून शास्त्रज्ञाला एक आकडा देणारा एच-इंडेक्स आणला. तेव्हापासून शास्त्रज्ञाची बढती या आकड्यांवर तोलली जाते. पण 2014 मध्ये 'नेचर'ने सर्वाधिक उद्धृत शंभर लेखांची यादी केली, तिच्यात पहिला आला लाउरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा लेख. विषय प्रथिनं मोजण्याची कृती, उद्धरणं तीन लाखांवर. वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा लेख त्या शंभरात नाही! शोध पाठ्यपुस्तकात मुरला की मूळ लेखाचं नाव गळतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी हेरून ठेवलं होतं. 'ओ' पेशी घेऊन उलट तपासणी करणारा रक्तपेढीतला तंत्रज्ञ नोंदवहीत भेंड्यांचा संदर्भ कशाला लिहील? तो 'बॉम्बे' एवढंच लिहितो आणि मोकळा होतो. ही नोंद कोणत्याही निर्देशांकात जात नाही.

भाटियांचं पुढचं काम मला जास्त बोलकं वाटतं. परळला केईएमच्या आवारात 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झालं, तीच आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. 1974 मध्ये भाटिया आणि साठे यांनी बॉम्बे गटाचं मुंबईतलं प्रमाण मांडलं: 7,600 माणसांत एक. युरोपात ते दहा लाखांत एक इतकं विरळ मानतात. त्याआधी 1973 मध्ये बाडकेरे, जोशी, भाटिया आणि सहकाऱ्यांनी एक नवंच प्रतिजन दाखवलं. त्यातून 'इंडियन' नावाची स्वतंत्र रक्तगट प्रणाली उभी राहिली. ते प्रतिजन सीडी44 या प्रथिनावर असतं हे नंतर कळलं, आणि त्या प्रथिनावर पुढे कर्करोगाच्या प्रयोगशाळांत ढीगभर लेखन झालं. मुंबईकरांचा मूळ लेख मात्र 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये होता. तो 'लॅन्सेट'मध्ये असता तर उद्धरणांचा आकडा वेगळा दिसला असता, असं मला वाटतं.

साखरशेतच्या कार्डावरच्या 'ओ'चं काय? रक्त चढवण्याआधी रक्तपेढीत क्रॉसमॅच, म्हणजे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या रक्ताची जुळणी होते, चूक तिथे पकडली जाते. पण रक्तस्राव होत असताना रात्री ती पकडली जाणं आणि दोन महिने आधी पकडली जाणं यांत फार अंतर आहे. बॉम्बे गटाच्या माणसाला बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, आणि ते घाटावरून हाक मारली म्हणून मिळत नाही. म्हणून असा गट सापडला की आधी सख्ख्या भावंडांना बोलवावं. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक भावंडाचा गट तोच निघण्याची शक्यता चारांत एक असते.