गढूळ पाणी निवळायला किती वेळ लागतो?

नदीला नवं पाणी आलं की जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सहा बीकर ओळीने मांडले जातात. सगळ्यांत तेच गढूळ पाणी, तुरटीचा डोस मात्र चढता. यंत्राची पाती मिनिटभर जोरात फिरतात, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी सावकाश. पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. मग एखाद्या बीकरमध्ये पाणी रवाळ वाटू लागतं आणि बघता बघता खसखशीएवढे पुंजके तयार होतात. पाती थांबली की ते खाली बसतात. कोणत्या बीकरवरचं पाणी सर्वांत नितळ, ते पाहून त्या दिवसाचा डोस ठरतो.

ही जार टेस्ट कामाची खरी, पण पाचवा बीकर दुसऱ्यापेक्षा लवकर का निवळला, हे ती सांगत नाही. त्यासाठी दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. कण एकमेकांवर किती वेळा आदळतात? आणि आदळल्यावर त्यांतले किती चिकटतात?

चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहूनही लहान असतात. काळ्या मातीत सापडणाऱ्या मॉन्टमोरिलोनाइटच्या स्फटिकात काही ठिकाणी अॅल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतलेली असते. त्यामुळे कणावर ऋण विद्युतभार राहतो आणि जवळ आलेले दोन कण एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम हा भार मारतं, शिवाय त्याचा कापसासारखा साका कणांना आपल्यात ओढून घेतो. निवळीच्या बिया भांड्याच्या आतून घासण्याची जुनी रीतही पाणी निवळण्यासाठीच होती.

पहिल्या प्रश्नाचं गणित पोलिश भौतिकशास्त्रज्ञ मारियान स्मोलुखोव्स्की यांनी १९१६-१७ मध्ये मांडलं. १९१७ मध्येच, वयाच्या ४५व्या वर्षी, क्राकूवमध्ये हगवणीने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या सूत्रानुसार, प्रत्येक टक्कर चिकटत असेल आणि एक घन सेंटीमीटर पाण्यात दहा कोटी कण असतील, तर खोलीच्या तापमानाला ती संख्या निम्मी व्हायला साधारण २,००० सेकंद लागतात. कण दहा लाखच असतील तर दोन दिवसांहून जास्त. गंमत म्हणजे या सूत्रात कणाचा आकार येतच नाही. मोठा कण हळू हलतो, पण त्याला धडकणंही सोपं असतं. दोन्ही गोष्टी एकमेकींना कापतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी प्रत्यक्ष मोजावं लागतं. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजत. आता नमुन्यातून प्रकाशझोत सोडून विखुरलेला प्रकाश कसा बदलतो ते टिपतात. त्यातही सुरुवातीचा बदल तेवढाच भरवशाचा, कारण नंतर पुंजके पुंजक्यांना भिडतात, तुटतात, खाली बसतात. आधी भरपूर मीठ घालून कणांचं एकमेकांना लोटणं थांबवायचं आणि कमाल वेग काढायचा, मग आपल्या नमुन्याचा वेग त्याच्याशी ताडून पाहायचा. तो शंभरपट कमी भरला, तर शंभर टकरींतली जेमतेम एकच चिकटते आहे असं समजायचं. हा कमाल वेगही सूत्राच्या साधारण निम्माच भरतो, कारण दोन कणांमधलं पाणी बाजूला सरायला वेळ लागतो. शिवाय सूत्र गोल कणांचं आणि चिकणमाती पापुद्र्यांची, तेव्हा आकडे जरा सैल हातानेच घ्यावेत.

पाणी ढवळलं की मात्र आकाराला महत्त्व येतं. व्यास दुप्पट झाला की ढवळण्यामुळे होणाऱ्या टकरी आठपट प्रभावी होतात, म्हणून पुंजके धरू लागल्यावर पाती फिरत ठेवायची. पण सावकाश, नाहीतर जमलेलं फाटतं.

म्हणून केंद्रावरच्या माणसाला पुराच्या पाण्यापेक्षा हिवाळ्यातलं जवळजवळ नितळ पाणी कधीकधी जास्त छळतं. कण विरळ, पाणी थंड आणि जरा दाट, टकरी कमी. मग काही ठिकाणी आधीचाच गाळ पुन्हा फिरवतात, तर काही ठिकाणी स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यात बेंटोनाइटची माती मुद्दाम कालवतात.