ध्वनिमुद्रित कुमार गंधर्व आणि रसिकांतील मतभेद : एक विवेचन

प्रस्तावना

ज्येष्ठ कलावंताच्या ध्वनिमुद्रिकांपैकी श्रेष्ठ कोणती, हा रसिकांच्या चर्चेतील जुना विषय आहे. पाश्चात्त्य रॉक संगीतात बॉब डिलन यांनी १९६५ मध्ये विद्युत गिटार हाती घेतल्यापासून त्यांच्या चाहत्यांत असे दोन पक्ष पडले. मराठी रसिकांत याच स्वरूपाचा वाद पं. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांच्या गायनाविषयी आढळतो. लाखांदूरसारख्या, मोठ्या शहरांतील मैफलींपासून दूर असलेल्या गावी शास्त्रीय संगीत प्रामुख्याने आकाशवाणी, ध्वनिफीत आणि आता भ्रमणध्वनी यांच्याद्वारेच ऐकले जाते. त्यामुळे ध्वनिमुद्रणावरून गायकाचे मूल्यमापन कितपत करता येते, हा प्रश्न येथील अभ्यासकांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या मतभेदांचे स्वरूप व कारणे यांचा विचार केला आहे.

वादाची पार्श्वभूमी

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे कुमार गंधर्वांचे मूळ नाव. त्यांचा जन्म बेळगावजवळील सुळेभावी येथे झाला. नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी हुबेहूब सादर करणारा बालगायक म्हणून त्यांची प्रथम ख्याती झाली. ध्वनिमुद्रिका हीच ज्याची पहिली पाठशाळा, त्याच्याच ध्वनिमुद्रिकांवर पुढे वाद व्हावा, हे लक्षणीय होय. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे पद्धतशीर शिक्षण झाले. क्षयरोगामुळे १९४८ च्या सुमारास ते मध्य प्रदेशातील देवास येथे वास्तव्यास गेले आणि काही वर्षे त्यांचे गायन पूर्णतः थांबले. त्या काळात माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचाराने ते बरे झाले आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले. लोकधुनांतून सिद्ध केलेले लगनगंधार, सहेली तोडी यांसारखे राग व स्वरचित बंदिशी त्यांनी 'अनूपरागविलास' (१९६५) या ग्रंथात प्रसिद्ध केल्या.

रसिकांचे पक्ष

या कारकिर्दीकडे पाहणाऱ्या रसिकांचे स्थूलमानाने तीन पक्ष दिसतात. पहिला पक्ष ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकांना प्रमाण मानतो. मात्र या पक्षातही एकमत नाही. स्वराचा नेमका लगाव आणि बंदिशीचे चैतन्य काहींना अपूर्व वाटते; तर रागाची क्रमाक्रमाने बढत करण्याची अपेक्षा बाळगणाऱ्यांना तेच गायन तुटक वाटते. दुसरा पक्ष कबीरादी संतांच्या निर्गुणी भजनांना अग्रस्थान देतो. शास्त्रीय संगीताचा फारसा परिचय नसलेला श्रोताही या भजनांमुळे कुमारांकडे वळला, हा त्यांचा युक्तिवाद असतो. तिसरा पक्ष 'मला उमजलेले बालगंधर्व' या उपक्रमाचा आहे. नारायणराव राजहंसांचे गायन प्रत्यक्ष ऐकलेल्यांपैकी काहींना येथे मूळ गोडवा हरवल्याचे जाणवले. समर्थकांच्या मते 'मला उमजलेले' या शब्दांतच ही नक्कल नव्हे, भाष्य आहे, हे स्पष्ट केलेले आहे.

मतभेदांची कारणे

हे मतभेद केवळ अभिरुचीचे नाहीत. त्यांची तीन कारणे संभवतात. पहिले कारण माध्यमाचे होय. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटे, तर दीर्घमुद्रिकेच्या एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटे मावत. १९५२ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमात दीड तासाचा अवकाश असे. मैफलीला तर असे बंधनच नसते. दीर्घमुद्रिका ऐकून विस्तार अपुरा असल्याचा आक्षेप घेणारा आणि मैफल ऐकून तो खोडून काढणारा, असे दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कारण दोघांनी ऐकलेली वस्तूच भिन्न असते.

दुसरे कारण चरित्राचे आहे. आजारानंतरच्या गायनातील छोटे स्वरवाक्य आणि मधले विराम हे दुर्बल फुप्फुसाचे फलित, असे अनेकदा सांगितले जाते. या स्पष्टीकरणात तथ्यांश असू शकतो. परंतु ते पुरेसे नाही. शारीरिक मर्यादा श्वासाची लांबी ठरवू शकते. विराम कोठे घ्यावा व त्यानंतर कोणता स्वर यावा, हे मात्र कलावंताची बुद्धी ठरवते. चरित्र हे कलेचे कारण मानले, की ऐकण्याची जागा सहानुभूती घेते.

तिसरे कारण श्रोत्याच्या स्वतःच्या काळाचे. प्रथम ज्या वयात, ज्या माध्यमातून गायक भेटतो, तेच त्याचे खरे रूप वाटू लागते. निधनानंतर खाजगी मैफलींची मुद्रणे उपलब्ध होत गेली आणि नव्या श्रोत्यांचा क्रम जुन्यांपेक्षा वेगळा झाला. म्हणून अशा वादात 'श्रेष्ठ कोणती' या प्रश्नाआधी 'कोणी, केव्हा आणि कशावर ऐकले' हे विचारणे आवश्यक ठरते.

झाडीपट्टीच्या संदर्भात

या विवेचनाचा स्थानिक अर्थही लक्षात घेतला पाहिजे. कुमारांविषयी वाद शक्य होतो, कारण वादासाठी पुरेशी मुद्रणे शिल्लक आहेत. लाखांदूर ज्या झाडीपट्टीत येते, तेथे धानाच्या कापणीनंतर गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. वडसा (देसाईगंज) हे नाटक मंडळींचे प्रमुख केंद्र आहे. दंडार, खडी गंमत आणि नाटक यांतील जुन्या गायक-वादकांबद्दलही गावांत तितक्याच हिरिरीने चर्चा होते. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु सन्मान म्हणजे दस्तऐवज नव्हे. ज्यांचा आवाज मुद्रित झाला नाही, त्यांचे गायन वृद्ध श्रोत्यांच्या स्मरणातच उरले आहे, आणि ते श्रोते दरवर्षी कमी होत आहेत.

निष्कर्ष

रसिकांचा वाद हा फावल्या वेळेचा उद्योग नसून संगीताच्या इतिहासाचे एक साधन आहे. माध्यम, कलावंताचा कालखंड आणि श्रोत्याचा काळ यांची नोंद त्यासोबत असेल, तर परस्परविरोधी मतेही उपयुक्त पुरावा ठरतात. जेथे ध्वनिमुद्रण आहे तेथे हा पुरावा मुद्रणाला पूरक ठरतो. जेथे ते नाही तेथे तो जवळजवळ एकमेव असतो. महाविद्यालयातील मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांकरवी गावोगावच्या जुन्या प्रेक्षकांच्या मुलाखती घेऊन त्या मुद्रित केल्यास, कोणता गायक श्रेष्ठ होता याचा निर्णय कदाचित लागणार नाही. पण त्याबाबत वाद घालण्याची सामग्री पुढील पिढीच्या हाती राहील.