कोयरी, फल आणि सुई

गतवर्षी वर्षावासाच्या काळात चऱ्होली येथील एका वयोवृद्ध उपासिकेने मला एक प्रश्न विचारला. नातीच्या जन्मानिमित्त त्यांनी आपल्या दिवंगत आईच्या लुगड्यांची गोधडी शिवावयास घेतली होती. चारही कोपऱ्यांत लाल कापडाच्या कोयऱ्या कापून लावल्या होत्या व त्यांभोवती धावदोरा घातला होता. घरातील तरुण मंडळींचे म्हणणे असे पडले की, कोयरी ही हळदीकुंकवातली आणि ओटीतली खूण होय. बौद्ध घरात ती नको. "सर, उसवू का?" एवढेच त्यांनी विचारले. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, पण असे प्रश्न मात्र घरोघरी शिल्लकच आहेत.

तरुणांचा आक्षेप निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कुंकवाच्या आंब्याच्या आकाराच्या करंड्यालाही कोयरीच म्हणतात. ओटी भरताना नारळ व फळे घालतात, त्यांत स्त्रीने 'फळावे' हा आशय असतो, आणि फळणे म्हणजे प्राधान्याने पुत्र होणे. म्हणूनच विधवेला त्या विधीतून वगळण्यात आले. फळाच्या या प्रतीकाने स्त्रीची किंमत तिच्या कुशीवरून ठरविली. या अर्थाशी आपला संबंध उरलेला नाही, उरूही नये. कोसलराजा पसेनदी कन्या झाल्याचे ऐकून खिन्न झाला, तेव्हा कन्या ही पुत्राहूनही श्रेष्ठ ठरू शकते असे तथागतांनी त्याला सांगितले. हा प्रसंग संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात आहे.

परंतु आकृती आणि तिला चिकटलेला अर्थ या दोन भिन्न गोष्टी आहेत. जिला आपण कोयरी म्हणतो ती आकृती इराणात 'बोतेह' या नावाने ओळखली जाते, व त्या शब्दाचा अर्थ झुडूप असा आहे. काश्मीरच्या शालींवर ती शतकानुशतके विणली गेली. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील पेझ्ली या गावच्या मागांवर तिच्या नकला निघू लागल्या आणि इंग्रजीत त्या गावाचेच नाव तिला पडले. आपल्याकडील स्त्रियांना त्याच वळणात कैरी दिसली. एकच वाकडे टोक. कोणाला ते झुडूप वाटले, कोणाला फळ. कोणत्याही एका धर्माचा तिच्यावर मालकी हक्क सिद्ध होत नाही.

फळ आणि हातकाम यांची सांगड इतर परंपरांतही आढळते. ज्यूंच्या निर्गम ग्रंथात प्रमुख याजकाच्या झग्याच्या घेरावर निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताची डाळिंबे आणि त्यांच्यामध्ये सोन्याच्या घंटा लावण्याचा आदेश आहे. जपानमधील हारितीच्या हाती डाळिंब असते. तीच हारिती अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मांडीवर मूल घेऊन बसली आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. आम्रवृक्ष तेथे पदोपदी भेटतो. आम्रपालीने आपले आम्रवन भिक्खुसंघाला दान दिले. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात चार आंब्यांची उपमा आहे: कच्चा पण पिकल्यासारखा दिसणारा, पिकलेला पण कच्चा दिसणारा, आणि दिसणे व असणे जुळलेले दोन. माणसाचे बाह्य वर्तन आणि चार आर्यसत्यांचे त्याचे ज्ञान यांचा मेळ तेथे तपासला आहे. विशेष महत्त्वाचे म्हणजे दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्त, ज्याच्या नावातच 'फल' आहे, ते राजगृहाच्या जीवकाच्या आम्रवनात घडले. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री अजातशत्रू तेथे आला. त्याने माहूत, स्वयंपाकी, नाभिक, विणकर, कुंभार अशा कारागिरांची यादीच सादर केली व विचारले की, यांना आपल्या शिल्पाचे फळ याच जन्मी प्रत्यक्ष मिळते, तसे श्रमणजीवनाचे मिळते काय? उत्तरादाखल तथागतांनी पहिला दृष्टान्त दिला तो राजाच्या दासाचा. हा दास प्रव्रजित झाला, तर त्याला पुन्हा दास हो असे तू म्हणशील काय? राजाला कबूल करावे लागले की, उलट आपणच उठून त्याला वंदन करू. येथे 'फल' म्हणजे पुत्र नव्हे, दैवाचे देणेही नव्हे. प्रयत्नाचा प्रत्यक्ष परिणाम आणि मनुष्याची प्रतिष्ठा होय. स्रोतापत्तिफलापासून अर्हत्फलापर्यंतची परिभाषाही याच अर्थाने वाचली पाहिजे.

सुईविषयी तर विनयपिटक आश्चर्य वाटावे इतके तपशीलवार बोलते. चुल्लवग्गात येते की, भिक्खू पिसांनी व बांबूच्या कामट्यांनी चीवर शिवीत आणि शिवण वाईट होई. तेव्हा सुईची अनुज्ञा मिळाली. सुया गंजू लागल्या, म्हणून नळी आली. बोटांना सुई टोचू लागली, म्हणून अंगुस्तान आले. ते सोन्यारुप्याचे नको. हाड, शिंग, बांबू, लाकूड, शंख इत्यादींचे चालेल, असा नियम झाला. या यादीत 'फलमय' हाही शब्द आहे, म्हणजे फळाच्या कवटीचे. शिवणाऱ्या बोटाचे रक्षण करणारे फळ! माझ्या मते कोणत्याही ओटीतल्या नारळापेक्षा हे फळ थोर आहे.

याच्या जोडीला पाचित्तियातील शहाऐंशीवा नियम वाचावा. कपिलवस्तूच्या एका दंतकाराने भिक्खूंना सुईघरे देऊ केली. भिक्खूंनी इतकी मागितली की त्याला विक्रीचे दुसरे काम करता येईना आणि घरची माणसे उपाशी राहू लागली. तेव्हा हाड, दात व शिंग यांची सुईघरे करवून घेण्यास मनाई झाली. कारागिराचे पोट संघाच्या श्रद्धेपुढे गौण ठरले नाही.

चीवर ही तर मुळात गोधडीचीच बहीण. मगधातील बांधांनी विभागलेली शेते पाहून आनंदाने तुकड्यांची मांडणी केली आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली, असे महावग्ग सांगतो. आपण कठिन चीवरदानाला तयार वस्त्र आणतो, हे सोयीचे आहे. पण मुळात कठिन म्हणजे शिवण्यासाठी कापड ताणून धरणारी चौकट होती, याचा विसर पडू नये.

हे सर्व त्या उपासिकेला मी थोडक्यात सांगितले आणि कोयरी उसवू नये असे माझे मत दिले. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, कन्येविषयीचे ते वचन कोठे आहे? मी कागदावर कोसलसंयुत्ताचे नाव लिहून दिले. तो कागद त्यांनी घडी करून सुयांच्या डबीत ठेवला आणि दोऱ्याला मेण लावू लागल्या. चौथ्या कोपऱ्याचे टाके अजून बाकी होते.