इशाऱ्याचा दिवा आणि बॅटरी : चिन्ह व निदान

मोटारीच्या दर्शनी फलकावरील इशाऱ्याचा दिवा क्षणभर पेटून विझला, की बॅटरी अशक्त झाली असा निष्कर्ष बहुधा काढला जातो. अशा वेळी पुष्कळदा चांगली बॅटरी बदलली जाते, मूळ दोष मात्र गाडीतच राहतो आणि पुढे एखाद्या रात्री वाटेत गाडी बंद पडते. चिन्हार्थाच्या अभ्यासकास हे उदाहरण विचारार्ह वाटावे.

बॅटरीची आकृती असलेला तांबडा दिवा बॅटरीचे बलाबल सांगत नाही. जुन्या रचनेत तो चावी आणि अल्टरनेटर यांच्या दरम्यान जोडलेला असे. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला, की दिव्याच्या दोन्ही टोकांस जवळजवळ समान दाब येई आणि दिवा विझे. आज हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. तथापि दिव्याचा अर्थ 'विद्युत्‌भरणात दोष आहे' असाच राहिला आहे. चार्ल्स सँडर्स पर्स (1839–1914) यांच्या परिभाषेत बोलावयाचे, तर आकृती ही बॅटरीची प्रतिमा होय. दिव्याचे पेटणे हे मात्र भरणदोषाचे निदर्शक होय. या दोहोंची गल्लत हेच चुकीच्या निदानाचे एक प्रमुख कारण आहे.

मग निदान कसे करावे? पतंजलीने महाभाष्यात 'वृक्षः' आणि 'वृक्षौ' ही रूपे ताडून प्रकृती व प्रत्यय यांचे अर्थ अन्वय-व्यतिरेकाने वेगळे केले आहेत. तीच रीती येथेही उपयोगी पडते. दिवा केवळ खड्ड्यातून जाताना चमकत असेल, तर सैल टर्मिनल अथवा वायर यांचा संशय घ्यावा. हेडलाइट आणि पंखा चालू केल्यावरच पेटत असेल, तर पट्टा व अल्टरनेटर तपासावा. गाडी सुरू करतेवेळी परस्परांशी असंबद्ध असे अनेक दिवे एकदम पेटत असतील, तर तितके निरनिराळे दोष कल्पिण्यापेक्षा एकच सामाईक कारण शोधणे युक्त : घटलेला दाब, गंजलेले टर्मिनल किंवा सदोष अर्थिंग.

अनुमानास मापनाची जोड हवी. काही तास स्वस्थ उभ्या असलेल्या गाडीत 12 व्होल्टची नेहमीची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असता सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते; 12.2 च्या आसपास ती निम्मी भरलेली असते. मात्र कमी दाब म्हणजे बॅटरी निकामी असे नव्हे. ती केवळ उतरलेली असू शकते. म्हणून पूर्ण भरून घेतल्यावरच तिची भारचाचणी करावी. इंजिन चालू असता सामान्यतः 13.8 ते 14.5 व्होल्ट अपेक्षित असतात. काही नव्या गाड्यांत हा दाब परिस्थितीनुसार बदलता ठेवलेला असतो. आणखी एक दक्षता अशी, की बॅटरी सोडविण्यापूर्वी गाडीच्या संगणकातील दोषसंकेत वाचून घ्यावेत. बॅटरी काढल्याने ते पुसले जाण्याचा संभव असतो, आणि क्षणिक दोषाचा तोच एकमेव लेखी पुरावा असू शकतो.

धावत्या गाडीत तांबडा दिवा पेटून राहिला, तर मात्र अर्थचर्चेस अवकाश नाही. काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. पट्टा तुटला असता इंजिन तापून निकामी होण्याचे भय असते. सुरक्षित जागी गाडी थांबवावी. दिवा दोषाची वार्ता देतो. दोषाचे स्थान तपासणाऱ्यानेच शोधावयाचे असते.