बेन कुरोकी: ५८ मोहिमा उडालेला गनर आणि न संपणारी परीक्षा

(या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अं...' बरेचसे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावा, आज विमानात बसायचंय. खिडकीजवळची सीट मिळेल, पण खिडकीला काच नाही. बाहेर उणे ४० अंश तापमान आहे, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आहे आणि हातात मशीनगन. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानातल्या गनरची नोकरी अशी होती.

आपला आजचा माणूस बेन कुरोकी. अमेरिकन हवाई दलाचा गनर, तीन खंडांवर मिळून ५८ मोहिमा. आईवडील जपानहून अमेरिकेत आलेले. म्हणजे ज्या देशाशी लढाई, तोच चेहरा घेऊन हा माणूस अमेरिकेच्या बाजूने लढत होता. त्याला जर्मन विमानांशी लढावं लागलंच, पण त्याआधी, मध्ये आणि नंतरही 'तू नक्की आमचाच ना?' या प्रश्नाशी लढावं लागलं. आजचा भाग खरं तर त्या प्रश्नाबद्दल आहे.

बटाट्यापासून सुरुवात

बेनचा जन्म १९१७ चा, नेब्रास्का राज्यातला. अमेरिकेच्या नकाशावर बरोबर मधोमध बोट ठेवा, साधारण तिथेच. हर्शी नावाचं छोटंसं गाव, दहा भावंडं, बटाट्याची शेती. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. वडिलांनी बेनला आणि धाकट्या फ्रेडला सांगितलं, जा, सैन्यात नाव घाला.

दोघं जवळच्या भरती केंद्रावर गेले. तिथे त्यांना नुसतं ताटकळत ठेवलं. दोन आठवडे गेले, बोलावणं नाही. मग त्यांनी ग्रँड आयलंड नावाच्या गावातल्या केंद्राला फोन केला आणि आधीच विचारून घेतलं, की आम्ही जपानी वंशाचे आहोत, चालेल का? बेन पुढे हा किस्सा हसत सांगायचा. पलीकडचा माणूस म्हणे बोलला, मला माणशी दोन डॉलर मिळतात, या खुशाल! दोघं भाऊ अडीचशे किलोमीटर गाडी हाकत गेले आणि भरती झाले.

आत गेल्यावर बेनच्या वाट्याला काय आलं? स्वयंपाकघर. बटाटेवाल्याच्या पोराला बटाटे सोलायला बसवलं, तेही दिवसच्या दिवस. फ्रेडला तर हवाई दलातून काढून दुसरीकडेच पाठवलं. बेन कारकून म्हणून ९३ व्या बॉम्ब ग्रुपमध्ये टिकला. ग्रुप परदेशी निघायची वेळ आली तेव्हा त्याला मागे ठेवायचं ठरत होतं. त्याने अधिकाऱ्यांपुढे अक्षरशः रडून विनवणी केली आणि तो इंग्लंडला पोचला. तिथे गनर कमी पडत होते. त्याने हात वर केला.

गनर करतो काय?

आता थोडं तांत्रिक. मी दिवसा कोड लिहितो, त्यामुळे हा भाग मला सोडवत नाही, सांभाळून घ्या.

बेनचं विमान होतं बी-२४ लिबरेटर. चार इंजिनं, साधारण दहा माणसं. पायलट, सहपायलट, रस्ता काढणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा आणि बाकीचे बरेचसे गनर. कुणी वर काचेच्या फिरत्या घुमटात, त्याला टरेट म्हणतात. कुणी शेपटीत, कुणी दोन्ही बाजूंच्या उघड्या खिडक्यांपाशी. सात-आठ किलोमीटर उंचीवर विमानात हवेचा दाब बाहेरच्याइतकाच, थंडीही तेवढीच. विजेवर गरम होणारे कपडे घालायचे. ते बंद पडले तर बोटं जायची. ऑक्सिजनची नळी गोठली तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध, आणि शेजारच्याच्या लक्षातही यायचं नाही.

आणि नेम? गोळीचा वेग सेकंदाला साधारण ८८० मीटर. समोरचं विमान ५०० मीटरवर असेल तर गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. ताशी ५०० किलोमीटरने आडवं जाणारं लढाऊ विमान तेवढ्यात ८० मीटर पुढे निघून जातं. म्हणजे दिसतं तिथे मारलं की गोळी वाया.

एवढंच असतं तरी सोपं होतं. पण गनर स्वतःसुद्धा पळतोय ना! धावत्या लोकलमधून कुणी खाडीत नारळ टाकताना पाहिलंय? (टाकू नका, पुलावर चालणाऱ्याला लागतो.) तो नारळ सरळ खाली जात नाही, गाडीच्या दिशेने पुढे सरकत जातो. गोळीचंही तसंच. बॉम्बरचा स्वतःचा वेग गोळीला मिळतो. त्यामुळे बाजूने वळण घेत आपल्यावरच चालून येणाऱ्या विमानावर नेम धरताना, ते आणि आपली शेपूट यांच्या मधल्या जागेत मारायचं असतं. म्हणजे मनाला वाटेल त्याच्या बरोबर उलट! हे गणित कागदावर नाही, गोठलेल्या बोटांनी एक-दोन सेकंदांत करायचं. बेन यातलं बरंचसं प्रत्यक्ष लढाईतच शिकला.

तरी गनरचं मुख्य काम गोळ्या मारणं नव्हतं. मुख्य काम होतं बघत राहणं. तासन्‌तास आकाशाचा आपल्या वाट्याचा तुकडा बघायचा. बाकीच्या नऊ जणांचा जीव त्या नजरेवर. मला इथेच बेनची गोष्ट महत्त्वाची वाटते. कॅन्टीनमध्ये त्याच्याशी कोण कसं बोललं असेल ते असेल, पण वर गेल्यावर सगळ्यांना पाठ त्याच्यावर सोपवावीच लागायची. त्याच्या विमानातल्या सोबत्यांसाठी 'तू आमचाच ना' हा प्रश्न तिथेच मिटला. जमिनीवर मात्र तो मिटेना.

प्लोएश्ती

डिसेंबर १९४२ मध्ये ट्युनिशियावर त्याची पहिली मोहीम झाली. काही आठवड्यांनी इंधन संपून विमान स्पॅनिश मोरोक्कोत उतरवावं लागलं, तिथे सगळे नजरकैदेत. तिथून सुटून स्पेनमार्गे तो परत इंग्लंडला आला आणि पुन्हा उडायला लागला.

१ ऑगस्ट १९४३. रुमानियातल्या प्लोएश्ती गावचे तेल शुद्धीकरण कारखाने, हिटलरच्या रणगाड्यांचं पोट. लिबियातून १७७ बी-२४ निघाले. रडार चुकवायचं आणि नेम अचूक लागावा म्हणून उंची ठेवली झाडांच्या शेंड्यांइतकी. एवढं मोठं विमान, दहाव्या मजल्यावरून हात लावता येईल असं उडतंय! खालून तोफा, पेटलेल्या तेलाच्या टाक्या, काळा धूर. पन्नासहून जास्त विमानं गेली, तीनशेहून जास्त माणसं मेली. बेनच्या ग्रुपचा प्रमुख ॲडिसन बेकर पेटलेलं विमान घेऊन लक्ष्यापर्यंत गेला आणि मेला. बेन वरच्या टरेटमध्ये होता, तो परत आला.

त्या काळी २५ मोहिमा झाल्या की घरी जायची मुभा होती. २५ पर्यंत पोचणारेच थोडे. बेनने पाच जास्त मागून घेतल्या. तिसावीत, जर्मनीतल्या मुन्स्टरवर, तोफेच्या गोळ्याच्या तुकड्याने त्याचा टरेट फुटला. तो थोडक्यात वाचला.

घरी आल्यावर

आता तरी पुरावा पुरे झाला असेल ना? नाही.

तो बाहेर लढत असताना इकडे सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या साधारण १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं होतं. त्यातले बहुतेक अमेरिकेत जन्मलेले, अमेरिकन नागरिक. बेनचं कुटुंब नेब्रास्कात होतं म्हणून वाचलं. अंगावर गणवेश, छातीवर पदकं असताना बेनबरोबर टॅक्सीत बसायला एका माणसाने नकार दिला. रेडिओवर त्याचा कार्यक्रम ठरला होता, तो विषय नाजूक म्हणून रद्द झाला. दुसरीकडे फेब्रुवारी १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉमनवेल्थ क्लबमध्ये त्याने भाषण केलं, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मग सैन्याने त्याला छावण्यांत पाठवलं, तिथल्या तरुणांनी भरती व्हावं म्हणून. आणि इथे गोष्ट अवघड होते. हार्ट माउंटन छावणीतल्या काही तरुणांचं म्हणणं होतं, आधी आमच्या आईबापांना सोडा, आमचे नागरिक म्हणून हक्क द्या, मग बोलवा लढायला. त्यातल्या ६३ जणांना तुरुंगवास झाला. बेनने त्यांच्यावर जाहीर, कडक टीका केली. त्यातल्या अनेकांच्या मनात ती सल कायम राहिली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना माफी दिली.

मला विचाराल तर दोघंही एकाच परीक्षेला बसले होते. एकाने पेपर सोडवला, दुसऱ्यांनी विचारलं की हा पेपर फक्त आम्हालाच का? बेनच्या धैर्याबद्दल शंका नाही, पण प्रश्न त्या पोरांचा बरोबर होता. आणि गंमत बघा, पेपर सोडवणाऱ्यालाही पास केलं नाहीच.

टिनियन

कारण बेनला आता पॅसिफिकमध्ये जायचं होतं. नियम असा, की जपानी वंशाच्या माणसाने तिकडे बॉम्बरमधून उडायचं नाही. शेवटी युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी खास अपवाद करून लेखी परवानगी दिली. तरीही निघताना अधिकाऱ्यांनी अडवलं, तेव्हा ते पत्र काढून दाखवावं लागलं.

नवीन विमान बी-२९, त्या काळाचा फ्लॅगशिप मॉडेल म्हणा. आत हवेचा दाब राखलेला. बहुतेक बंदुका दूरवरून चालणाऱ्या आणि मघाशी सांगितलेलं नेमाचं गणित करायला चक्क ॲनालॉग कॉम्प्युटर! बेनची जागा शेपटीत, एका बंद खुराड्यात एकट्याने. टिनियन बेटावरून त्याने २८ मोहिमा केल्या. रात्री बेटावर तो एकटा बाहेर पडत नसे, कारण शत्रू समजून आपलाच पहारेकरी गोळी घालेल ही भीती. विमानातले सोबती त्याला मध्ये घेऊन चालायचे.

आणि त्या मोहिमा जपानच्या शहरांवर होत्या. मार्च १९४५ मध्ये बी-२९ विमानांनी एका रात्रीत टोकियोचा मोठा भाग जाळला, सुमारे लाखभर माणसं गेली. ते त्याच्या आईवडिलांचं मूळ देश होतं. हे ओझं कुठल्या पदकात मोजायचं, मला कळत नाही.

५८ मोहिमांत शत्रूने त्याला फार काही केलं नाही. युद्ध संपता संपता टिनियनवर एका दारू प्यायलेल्या अमेरिकन सैनिकाने वंशावरून भांडण काढलं आणि त्याच्या डोक्यात सुरा मारला. युद्ध संपलं तेव्हा बेन दवाखान्यात होता.

एकोणसाठावी मोहीम

परत आल्यावर तो देशभर फिरून वंशभेदाविरुद्ध भाषणं देत सुटला. त्याला तो आपली ५९ वी मोहीम म्हणायचा. मग त्याने पत्रकारितेची पदवी घेतली आणि आयुष्यभर वर्तमानपत्रं चालवली. १९८८ मध्ये अमेरिकन सरकारने छावण्यांबद्दल औपचारिक माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. बेनला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळालं ते २००५ मध्ये, युद्धानंतर ६० वर्षांनी. २०१५ मध्ये ९८ व्या वर्षी तो गेला.

मला यातून एकच गोष्ट सांगायचीय. 'सिद्ध कर' असं जेव्हा एखाद्याला त्याच्या चेहऱ्यावरून, आडनावावरून, गावावरून सांगितलं जातं, तेव्हा त्या परीक्षेला पासिंग मार्क ठरलेलेच नसतात. तीस मोहिमा केल्या तर अठ्ठावीस आणखी. त्यामुळे पुढच्या वेळी आपल्या ग्रुपवर कुणाला असं सिद्ध करायला सांगितलं जात असेल, तर त्याचं उत्तर बरोबर की चूक हे नंतर बघू. आधी विचारू, की हा प्रश्न त्यालाच का?

आज एवढंच. भाग आवडला तर ज्याला विमानांचं वेड आहे अशा एका मित्राला पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!